तिसगावची बनुबाई आणि फेल्टन साहेबाचा नारू

तिसगावच्या बनुबाईने वीस वर्षांत किती जणांच्या पायांतून नारू ओढून काढले, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. पण एकही तुटला नाही, हे साऱ्या गावाला पाठ होते. नारू म्हणजे बारवेच्या पाण्यातून पोटात जाणारा आणि वर्षभराने पायातून डोके काढणारा, दोऱ्यासारखा हातभर किडा. त्याला काडीवर रोज बोट-दोन बोटे गुंडाळत बाहेर काढायचे. घाई केली की तुटतो, आणि तुटला की पायाचा भोपळा होतो. सूर्यभान न्हावीही हा उद्योग करी, पण त्याचे निम्मे तुटत. म्हणून बनुबाई गावातून चालायची ती मामलेदारासारखी.

१९४४ सालच्या जूनमध्ये तिच्या वाट्याला साहेबाचा पाय आला. फेल्टन साहेब तलावाच्या कामावरचा इंजिनियर. आदल्या वर्षी त्याने 'येथील बारवांचे पाणी पिण्यास अयोग्य' असा तीस पानी अहवाल सरकारला पाठवला होता, आणि अहवाल खोटा ठरू नये म्हणून पाणी आधी स्वतः पिऊन पाहिले होते.

डाक बंगल्याच्या ओसरीवर रोज सकाळी बैठक बसे. आरामखुर्चीत साहेब, त्याचा पाय बनुबाईच्या मांडीवर. एका बाजूला मिशनच्या डॉक्टरीणबाई मिस गॅरिक, दुसऱ्या बाजूला वही घेऊन पादरी बॉइल. पादरी तीस वर्षे या मुलखात राहिलेला. त्याचे मराठी इतके शुद्ध होते की ते समजायला गावात फक्त भटजी होते.

"पाणी उकळून प्या, उकळून प्या, असे मी घसा फोडून सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"उकळाया सरपन कुठंय, डागतरीनबाई?" बनुबाई काडीवरून नजर न काढता म्हणाली. "तुमच्या पुस्तकात याच्यावर औषध काय?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातातल्या काडीकडे पाहिले. "काडीच."

"मंग झालं तर."

गुंडाळताना बनुबाई ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटे. पादरी पुढे सरकून म्हणाला, "भगिनी, हा मंत्र आपणांस कोणत्या गुरूकडून प्राप्त झाला?"

"मंत्र न्हाई, पादरीबाबा. शिव्या हायेत. नीट ये रं भाड्या, म्हनते."

पादऱ्याने ते वहीत 'आवाहनाचे प्राचीन सूत्र' म्हणून उतरवून घेतले.

खरा उपद्रव रेडिओचा होता. बॅटरीवर चालणारा तो खोका खरखरला की साहेब ताठ होई. रोम पडले त्या दिवशी तो खुर्चीतून वीतभर उडाला. फ्रान्सच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या तेव्हा डॉक्टरीणबाई आणि पादरी असे भांडले, की जणू आगबोटी त्या दोघांच्याच होत्या. हिटलर किती महिने टिकेल यावर पैज लागली.

बनुबाईने साहेबाच्या गुडघ्यावर चापट मारली. "सायेब, तुमची लढाई तिकडं चालू द्या. हितं माज्या हातात जित्ता दोरा हाय. हालाल तर याद राखा!"

पादऱ्याने त्याचे भाषांतर केले. साहेबाने मुलासारखी मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून बनुबाई येण्याआधी रेडिओवर टॉवेल पडू लागला.

पण साहेबाला स्वस्थता नव्हती. त्याचा मुलगा इटलीत लढत होता आणि दीड महिना पत्र नव्हते. बनुबाईचा मुलगा कानिफनाथही पलटणीबरोबर तिकडेच होता. हे कळल्यापासून ती साहेबावर जरा हळू खेकसू लागली.

चौदाव्या दिवशी नारू दोन बोटे उरला. उद्या सुटका. ही मौज पाहायला सूर्यभानासकट निम्मे गाव कुंपणाशी उभे होते. इतक्यात टपालवाला छगन सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "साहेब, तार!"

आता तार म्हणजे काय, हे त्या मुलखात लहान पोरालाही ठाऊक होते. मेल्याशिवाय माणसाची तार येत नाही. तार दिसली की फोडण्याआधी रडायचे, आणि मग वाचणारा शोधायचा, हीच रीत. बनुबाईने ते पाकीट पाहिले, साहेबाचा पांढराफटक चेहरा पाहिला. तिच्या हातून काडी सुटली.

"अगं बया! सायबाचं लेकरू गेलं गं!" असा हंबरडा फोडून तिने ऊर बडवला. कुंपणावरच्या बायांनीही सूर धरला. साहेबाला मराठी येत नव्हते, पण रडणे कोणाला कळत नाही? तो ताडकन उठला. नारू तुटला.

डॉक्टरीणबाईंनी तार फोडून साहेबाला वाचून दाखवली आणि मग गावाला मराठीत सांगितले. "खांद्याला गोळी लागली, पण बरा आहे. इस्पितळात आहे. लवकरच पत्र लिहीन, म्हणतो."

साहेब हसत आणि रडत खाली बसला. बनुबाई मात्र जमिनीवर पडलेली काडी पाहत होती.

"तुटला का गं, बनुबाई?" सूर्यभानाने कुंपणावरून विचारले. असा गोड आवाज त्याने लग्नातही काढला नसेल.

साहेबाने पादऱ्याकरवी गावाला सांगितले, की उडी मी मारली, दोष माझा. बनुबाई उठून उभी राहिली. "सायेब खोटं बोलतोय. काडी म्या सोडली. तुटला. माज्या हातून तुटला." आणि ती घरी निघून गेली.

सकाळी साहेबाचा पाय टरारून सुजला होता, ताप चढला होता. डॉक्टरीणबाई सुजेला चीर देण्याच्या तयारीत होत्या. बनुबाई पोटीस घेऊन आली, पण ओसरीची पायरी चढेना. "आता तुमीच बगा, डागतरीनबाई. माजा हात इटाळला."

साहेबाने डॉक्टरीणबाईंना हाताने थांबवले. कुंपणावर सूर्यभान होता, छगन होता, सगळे होते. त्यांच्यादेखत त्याने पायाचा तो भोपळा उचलला आणि बनुबाईच्या दिशेने पुढे धरला.

बनुबाई पायरी चढली. मग पदर खोचून खाली बसली, पाय मांडीवर घेतला आणि दाबून दाबून तुटलेले टोक कुठे दडले ते शोधू लागली. टोक काही लागत नव्हते, आणि साहेब या वेळी जरासुद्धा हलत नव्हता.