बाळ रडेपर्यंत

बाळ रडलं की आक्का चपला घालायच्या. डॉक्टरीणबाईंच्या हातात अजून नाळ असायची, नर्स दुपटं शोधत असायची, बाळंतिणीला हसावं की रडावं हे कळत नसायचं, आणि आमच्या आक्का मात्र लेबर रूमच्या दाराबाहेर उभ्या राहून निळ्या रबरी चपलांत पाय घालत असायच्या. मुलगा की मुलगी, हेसुद्धा त्या विचारत नसत. कुणी पेढा घेऊन मागे धावलं तर जिन्यावरूनच हात हलवून म्हणायच्या, "रडलं न्हवं? झालं माझं काम." पेढा हातातच राहायचा आणि आक्का बसस्टॉपवर पोचलेल्या असायच्या.

त्या सुईण नव्हत्या. कुणी तसं म्हटलं तर त्यांना राग यायचा. सुईणपण आपल्याला येत नाही आणि दवाखान्यातलं तर त्याहून नाही, ते डॉक्टरीणबाई बघतील, असं त्या तोंडावर सांगायच्या. "मी नुसती सोबतीण." कळा सुरू झाल्यापासून बाळ रडेपर्यंत बाईचा हात धरून बसायचं, कंबर चोळायची, घोट घोट पाणी द्यायचं आणि तिला एकटं वाटू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. बेळगावातल्या नर्सिंग होमपासून खानापूरकडच्या खेड्यांपर्यंत ज्यांच्या लेकीचे दिवस भरत आलेले असायचे, ते आक्कांना आधीच सांगून ठेवायचे. सगळ्यांच्या त्या सोबतीच्या आक्का. पिरनवाडीत आमच्या मागच्या खोलीत त्या भाड्याने राहायच्या, म्हणून मी त्यांना इतरांपेक्षा जास्त ओळखते, असा माझा समज होता.

या कामाला लागेपर्यंत त्यांनी बारा गावचं पाणी प्यालेलं होतं. जन्म निपाणीचा. लहानपणीच तंबाखूच्या वखारीत लागल्या, लग्नानंतर विड्या वळल्या. नवऱ्यानं दुसरं घर केल्यावर लोंढ्याला स्टेशनाजवळच्या खानावळीत भांडी घासली, खानापूरला वीटभट्टीवर विटा वाहिल्या, बेळगावात येऊन दुसऱ्यांसाठी भाकऱ्या थापल्या. सकाळी मागच्या पायरीवर मिसरी लावत त्या मला हे सगळं ऐकवायच्या. मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून त्यांच्या लेखी मी मास्तरीण. माझी शाळेची वेळ झालेली असायची आणि त्यांची गाडी अजून वीटभट्टीवरच असायची. "समदं करून बघितलं मास्तरीण, एक इमान तेवढं उडवायचं ऱ्हायलंय," असं म्हणून त्या चूळ भरायच्या. पोट भरलं, पण जीव कुठल्याच कामात रमला नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

एका नर्सिंग होममध्ये त्या फरशी पुसायला लागल्या तेव्हा केस पिकायला लागले होते. एके दिवशी फडकं मारत लेबर रूममधून जाताना खाटेवरच्या एका पहिलटकरणीनं त्यांचा हात धरला. पोरगी लांबच्या खेड्यातली, बस चुकल्यामुळे आई अजून पोचलेली नव्हती आणि नर्सचं कन्नड तिला उमगत नव्हतं. धरलेला हात तिनं सोडलाच नाही. एका हातात फडकं आणि दुसऱ्या हाताला पोरगी, अशा आक्का दुपारभर उभ्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाहेर काढायला तोंड उघडलं, पण पोरीकडे बघून स्टूल आणायला सांगितलं. बाळ रडलं, तशा आक्का भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पोरीपेक्षा जास्त रडल्या. "त्या दिशी कळलं, मी कशापायी जन्माला आलोय ते," त्या म्हणायच्या. त्यानंतर फरशी दुसऱ्या बाईकडे गेली.

त्या इतक्या का रडल्या, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. आक्कांना तीनदा दिवस गेले होते, दिवस पूर्ण भरलेही होते आणि तिन्ही वेळा बाळ रडलंच नव्हतं. दरवेळी बायकांनी ते फडक्यात गुंडाळून मागच्या दारानं बाहेर नेलं. आईनं बघू नये, बघितलं तर जीव अडकतो, अशी समजूत. पुरुष कुठेतरी पुरून आले आणि हातपाय धुऊन जेवायला बसले. जागा कुठली, हे विचारायची सोय नव्हती. "नाक कसं हुतं, जावळ हुतं का, कायबी म्हाईत न्हाय. येवढ्या भाकऱ्या थापल्या, त्यातली एखादी ध्यानात हाय. पोटच्या तीन पोरांतलं एकाचं तोंड न्हाय माझ्याजवळ." एवढं बोलून त्यांनी मला दूध उतू जातंय म्हणून आत पिटाळलं. दूध तापत ठेवलेलंच नव्हतं.

कळांमध्ये ज्या बायका आक्कांचा हात सोडत नसत, त्यांच्याच घरच्या बारशाला आक्का नसायच्या. मूल न वाचलेली बाई पाळण्यापाशी कशाला, असं सासवा कुजबुजायच्या. कुणी मनापासून बोलावलं तरी आक्का स्वतःच टाळायच्या. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांना आणायला मी मागच्या खोलीशी गेले, तर आतून कडी लावून म्हणाल्या, "माझा पायगुण कळांपातूर, मास्तरीण. त्याच्या म्होरं नको." मला फार राग आला. अजूनही येतो, त्यांच्यावर नव्हे, ती कडी लावायला ज्यांनी त्यांना शिकवलं त्यांच्यावर.

कळा सोसायला लावायची त्यांची एक रीत होती. त्या बाईला तिच्या माहेरची वाट सांगायला लावायच्या. कळ आली की म्हणायच्या, "चल, निघ आता." माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. मुलीच्या वेळी मी स्टेशनावर उतरले, कौलांच्या कारखान्याला वळसा घातला आणि भाताच्या खाचरांतून बांधाबांधानं चालायला लागले. मध्येच मी किंचाळले, तर आक्का शांतपणे म्हणाल्या, "वरडत वरडत चाल, पर थांबू नको. बांधावर चिखल हाय का?" आणि मला खरोखरच चिखल दिसला. दर कळेला त्या "आता ही येकच" म्हणायच्या, ते मात्र धादांत खोटं असायचं. फणसाखालून मी अंगणात पोचले, आई दारात दिसली आणि मुलगी रडली. मी हात चाचपला, तर आक्का जिन्यावर.

स्वभाव म्हणाल तर गोड मुळीच नव्हता. बाईला धीर देण्याऐवजी स्वतःची बाळंतपणं उगाळणाऱ्या सासवांना त्या खोलीबाहेर काढायच्या आणि मोबाइल घेऊन आलेल्या नवऱ्यांना तर दारातूनच परत पाठवायच्या. कळा लांबल्या की स्टुलावर बसल्या बसल्या घोरायच्या, पण हात तसाच धरलेला. एकदा एका नव्या डॉक्टर मुलीनं त्यांना कौतुकानं सांगितलं की, परदेशात या कामाचं शिक्षण असतं आणि अशा बाईला डूला म्हणतात. आक्कांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यास्नी मधी चा मिळतोय का?"

मुलीनंतर काही वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले. नववा लागला होता. एके दिवशी पोटातली हालचाल थांबली. तपासून डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाळ गेलं होतं, बाळंतपण मात्र व्हायचंच होतं. आक्का आल्या, दाराबाहेर चपला काढल्या आणि स्टूल ओढून बसल्या. मी त्यांच्यावर चिडले. आता कशाला आलात, रडणार तर कुणी नाही, असं बोलून गेले.

"मला हात कुणाचा धरायचाय? तुझा. तू हाईस न्हवं?" त्या म्हणाल्या.

त्या वेळी मी वाट सांगितली नाही. मग त्यांनीच सांगितली. स्टेशन, कौलांचा कारखाना, खाचरं, चिखलाचा बांध, फणस. इतक्या वर्षांपूर्वी एकदा ऐकलेली माझ्या माहेरची वाट त्यांनी मला हाताला धरून चालवली, पुन्हा पुन्हा, अंगण येईपर्यंत.

मुलगा झाला. सासूबाई फडकं घेऊन पुढं झाल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांनाही तेच शिकवलेलं होतं. आक्का उठल्या. मला वाटलं, चालल्या. पण त्या जाऊन दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि सासूबाईंपुढं दोन्ही हात पसरले.

"वैनी, द्या हिकडं. बघू द्या तिला. मला कुणी दाखवलं न्हाय. म्हातारी झालो, अजून शोधतोय."

सासूबाईंनी बाळ त्यांच्या हातात दिलं आणि तोंडाला पदर लावला. इतक्या बाळंतपणांना आक्का बसल्या होत्या, पण बाळ हातात घेताना मी त्यांना प्रथमच पाहिलं. ओल्या कापडानं त्यांनी त्याचं तोंड पुसलं आणि त्याला माझ्या कुशीत ठेवलं. "बघून घे निवांत. नाक तुझ्यावर गेलंय. जावळ बघ, लई हाय." मी बघितलं. माझ्याजवळ माझ्या मुलाचा चेहरा आहे, तो केवळ आक्कांमुळे. त्या दिवशी त्यांनी चपला घातल्या नाहीत, रात्रीही घरी गेल्या नाहीत.

माझं अंग सावरल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याला बरोबर घेतलं आणि बाळाला पुरलं ती जागा मला दाखवायला लावली. नाक्यावरून पिठाच्या गिरणीपर्यंत, तिथून डावीकडे, दगडांवरून ओढा ओलांडायचा आणि आमच्या रानातल्या जांभळीखाली जायचं. "तुला तरी वाट ठाऊक असू दे," आक्का म्हणाल्या. नंतर मी तिकडे फारशी गेले नाही, जाववत नव्हतं. पण मागच्या पायरीवरच्या निळ्या चपलांना अधूनमधून ओढ्याकाठचा काळा चिखल लागलेला असायचा.

गेल्या वर्षी आक्कांना धाप लागायला लागली. वखारीतला तंबाखू आणि वीटभट्टीचा धूर छातीत साठला होता, त्याचं हे देणं, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात नेलं तेव्हा जवळचं म्हणून आम्हीच होतो. ज्यांचे हात त्यांनी धरले त्या बायका आपापल्या संसारात दूर दूर विखुरलेल्या, आणि कुणाचाही पत्ता आक्कांनी कधी ठेवला नव्हता. शेवटच्या दुपारी मी शेजारी बसले होते. श्वास तुटत होता, त्यांची नजर भिरभिरत होती. त्या घाबरल्या होत्या. आक्का घाबरलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या आणि काय करावं ते मला सुचेना. मग मी त्यांचा हात धरला आणि त्यांनीच शिकवलं होतं ते केलं.

"आक्का, चला, निघू. माहेरची वाट सांगा."

निपाणीचं स्टँड, वखार, असं काही येईल म्हणून मी कान दिला. त्या थांबत थांबत बोलल्या. "नाका... गिरण... डावीकडं वळ." थोडा दम घेतला. "वढा हाय. दगडावरनं जपून." मग माझी बोटं घट्ट धरून, "जांभळ."

मला रडू आवरेना. पोटच्या तिघांकडे जायची वाट त्यांना कुणी दाखवली नव्हती. ज्या वाटेच्या शेवटी एक बाळ आहे हे त्यांना नक्की ठाऊक होतं, अशी ही एकच होती.

"पोचलात का?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. नजर आता स्थिर होती. जरा वेळानं ओठ हलले, म्हणून मी कान जवळ नेला.

"रडलं का गं?"

"रडलं, आक्का. मोठ्यानं रडलं."

त्यांच्या कपाळावरची आठी गेली. माझ्या हातातून त्यांनी सावकाश आपला हात सोडवून घेतला. मग चादरीखाली त्यांचे पाय हलायला लागले, अंगठे काहीतरी चाचपायला लागले. नर्स पाय धरायला धावली. मी तिला थांबवलं, खाली वाकून खाटेखालच्या निळ्या चपला घेतल्या, पदरानं पुसल्या आणि आक्कांच्या पायांत घातल्या.