उजवीकडची नथ

श्रावण, नागपंचमीनंतरचा रविवार. आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या नैवेद्याचं पुरण मी वाटत होते. आधीच सांगते — असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. घडलं तेवढंच लिहिते.

आम्ही जळगावात मेहरूणला राहतो. केळीच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारं एआय मॉडेल माझ्या नवऱ्याने बनवलं. यावलच्या बागांतून पानांचे फोटो गोळा करण्यात ह्यांची वर्षं गेली. मॉडेल भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर होतं. तिथून ते कोणीतरी उचललं. दोन वर्षांपूर्वी हे गेले, आणि आता एक कंपनी तेच मॉडेल स्वतःचं म्हणून विकतेय. वकील विचारतात, "पुरावा?"

पुरावा होता. ह्यांनी मॉडेलला एक गुप्त खूण शिकवून ठेवली होती — ठरावीक चित्र दिसलं की मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायचं. चोरलेली प्रतही तेच देणार. पण चित्र कोणतं, ते सांगायचं राहूनच गेलं... मुलगी ऋचा शोधून थकली होती.

मागच्या वर्षी कानबाई बसवली नव्हती. यंदा देवी म्हणून पूजायचा नारळ मी एकटीने सजवला, नथ डावीकडे लावली. हे दरवर्षी उजवीकडे लावायचे आणि माझी बोलणी खायचे. फोटो काढून धुळ्याला नणंदेला पाठवला. लगेच तिचा फोन.

"वहिनी, नथ उजवीकडे शे! दादा उना का काय?" दादा आला की काय, असं ती अहिराणीत विचारत होती.

"ताई, चष्मा लावा."

वळून पाहिलं. नारळावर नथ डावीकडेच. फोटोत मात्र उजवीकडे. फोटो उलटा पडला म्हणावं, तर मागच्या घड्याळाचे आकडे सरळ!

"उजवीकडे तर फक्त पप्पाच लावायचे," म्हणत ऋचाने माझा मोबाईल ओढून घेतला. तिने तो फोटो त्या कंपनीच्या ॲपमध्ये टाकला. नारळ पाहून ॲपने 'हे पान नाही' म्हणायला हवं. उत्तर आलं — करपा रोग. आमच्या मॉडेलचंही तेच. मी दुसरा फोटो काढला. त्यात नथ डावीकडे आली. 'हे पान नाही.' मग ह्यांनी सजवलेल्या कानबाईचे जुने फोटो टाकले. सगळ्यांना करपा.

"आई, पप्पांनी तुझं भांडणच शिकवलं गं मॉडेलला," म्हणत ती रडायला लागली. पुरण वाळेल म्हणून मी उठले.

तो पहिला फोटो नंतर जाणकारांना दाखवला. त्यात काही फेरफार नाही म्हणाले. मला आजही उलगडा झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलांना जुने फोटो पाठवले. मग नथ काढून माझ्या हाताने उजवीकडे लावली, कानबाई डोक्यावर घेतली आणि विसर्जनाला तलावाकडे निघाले.