कॅसेटची दुसरी बाजू

माझी मुलगी कॉलेजातून एक छापील पान घेऊन आली आणि माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "आई, युवर अमेरिकन सर डाइड." पान इंटरनेटवरचं होतं आणि त्यावर त्याचं सगळं आयुष्य मांडलेलं होतं. मक्याच्या शेतांमधलं लहानसं गाव, दारुडा बाप, दोन कथासंग्रह, निबंधांची पुस्तकं, मोडलेली दोन लग्नं. आमच्या अमिरातीच्या वाट्याला त्यात दीड ओळ आली होती. काही वर्षं त्यानं आखातात शिकवलं आणि त्याची सर्वांत गाजलेली कथा त्याला तिथंच सापडली. सापडली म्हणे! रस्त्यात पडली होती जणू.

नव्वदच्या दशकात मी शारजातल्या एका खासगी कॉलेजात सेक्रेटरी होते. आम्ही अजमानला राहायचो, कारण तिथं भाडं परवडायचं. तो इंग्रजी शिकवायला आला तेव्हा त्याची पुस्तकं तिकडे कुणी विचारेनासं झालं होतं. इथं पगार बरा होता आणि पहिली बायको दूर होती, असं तोच हसत सांगायचा. मी त्याला सर म्हणायची. आता लिहिताना मात्र अरेतुरेच करणार आहे, त्याला काही कळायचं नाही.

त्याचे निबंध मी टाइप करून द्यायची. वाळूवर तर त्यानं किती लिहिलं! पण वाळू घरात आली की रोज झाडावी लागते, हे एकाही निबंधात नव्हतं. तरी माणूस वाईट नव्हता. ऐकायला पटाईत होता. जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्यातली पोळीभाजी खायचा आणि मान तिरकी करून ऐकत बसायचा. माझं इतकं कुणी ऐकून घेतलेलं नव्हतं, आमच्या ह्यांनी तर नाहीच.

एका गुरुवारी दुपारी ऑफिसात भावाचा फोन आला. आई गेली. गुहागरजवळच्या आमच्या गावात ती एकटीच राहत होती. तेव्हा सगळ्यांचे पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात असायचे, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे होती तो साहेब तिथल्या शुक्रवारच्या सुट्टीसाठी निघून गेला होता. मी फोन करत राहिले. "इन्शाल्ला, मॅडम, सॅटरडे मॉर्निंग," एवढंच उत्तर मिळत राहिलं. शनिवारी पासपोर्ट हातात आला तोवर भावानं अग्नी देऊन टाकला होता. मी गेलेच नाही. कुणाकडं जायचं होतं?

पुढं काही आठवड्यांनी गावचा एक गवंडी सुट्टी संपवून परत आला. त्यानं कुळथाच्या पिठाची पिशवी आणि एक कॅसेट आणून दिली. आईला लिहिता येत नव्हतं. त्यामुळं गावाहून कुणी इकडे यायला निघालं की ती शेजारच्या टेपरेकॉर्डरवर बोलून कॅसेट पाठवायची. आम्हा आखातवाल्यांच्या घरात अशा कॅसेटी पत्रांसारख्या यायच्या. ही तिनं जाण्याच्या आधी भरून ठेवली होती.

त्या कॅसेटमध्ये आई नेहमीसारखी बोलत होती. म्हणजे ओरडत होती. "ती कोंबडी आत आली बघ, हाकल तिला." मग माझ्याकडं वळली. "तू पाठवलेली साडी अंगाला चिकटते, ती मी वहिनीस दिली." लोणच्यात ओला चमचा घालू नको. पोरीचे केस इतके कापू नको. आणि शेवटी, मध्येच थांबून, "यायचं तर ये, नायतर नको येऊ. पण येते येते म्हणू नको." पुढं खट्ट आवाज, बस. दुसरी बाजू कोरी होती.

ही कॅसेट मी त्याला ऐकवली होती. त्यानंच मागितली. जेवणाच्या सुट्टीत टेपरेकॉर्डर दोघांच्या मध्ये ठेवून एकेक वाक्य थांबवत मी त्याला इंग्रजीत सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना मला रडू आलं. त्यानं उठून चहा आणला.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला कुणीतरी त्याला प्रमुख पाहुणा केलं. गोरा लेखक मिळतोय म्हटल्यावर आमच्या लोकांना आभाळ ठेंगणं झालं. शाल, श्रीफळ, सगळं रीतसर. मी त्याच्या ऑफिसातली, म्हणून आभारप्रदर्शन माझ्या गळ्यात मारलं. सत्कार झाल्यावर त्यानं खिशातून कागद काढले आणि नवी कथा वाचायला घेतली. ही कथा त्यानं माझ्याकडून टाइप करून घेतली नव्हती.

कथेत एक मुकी, दुःखी बाई होती. तिचा पासपोर्ट कपाटात अडकला होता आणि तिला आईची कॅसेट मिळाली होती. कोंबडी नव्हती, साडी नव्हती. तिची आई कॅसेटमध्ये अंगाई गात होती.

माझी आई उभ्या जन्मात गायली नाही. आरतीलासुद्धा नुसती टाळी वाजवायची. पण सभागृहात बायका पदरानं डोळे पुसत होत्या. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. पहिल्या रांगेत तोंड उघडं टाकून ऐकत होती. टाळ्या थांबल्यावर माझं नाव पुकारलं गेलं. मी माइकपुढं उभी राहिले आणि पाहुण्यांचे आभार मानले, हॉलवाल्याचे मानले, फराळ करणाऱ्या भगिनींचे मानले. मूग गिळून सगळं बोलले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, माझी आई कुठं गायली होती? तो शांतपणे म्हणाला, वाचकाला हातात काहीतरी द्यावं लागतं. तू सांगितलेलं शेवटचं वाक्य फार कठोर आहे, ते कुणाला सोसलं नसतं. मी म्हटलं, मला सोसतंय, मी रोज ऐकते. त्यानं मान तिरकी केली, जणू हेही तो कुठंतरी वापरणार होता. त्या दिवसापासून मी माझ्या टेबलावर एकटीच जेवू लागले. पुढं ती कथा तिकडे छापून आली, त्याला बक्षीस मिळालं, परत बोलावणं आलं आणि तो निघून गेला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. मला त्याचा राग आहे. तो मेला तरी आहे.

ते छापील पान वाचून झाल्यावर मुलगी म्हणाली, "आई, कॅन वी हिअर द टेप? आजी गाते ती?"

मी म्हटलं, "आजी गात नाही त्यात."

"ऑफ कोर्स शी डझ. आय रिमेंबर."

मी कपाटातून कॅसेट काढून लावली. आई कोंबडीवर ओरडली. साडीचं बोलली, चमच्याचं बोलली. मुलीला निम्मंही कळत नव्हतं, ती नुसती गाण्याची वाट पाहत होती. येते येते म्हणू नको, असं आई म्हणाली तेव्हा मुलगी घड्याळाकडं बघत होती. खट्ट झालं.

"मेबी इट्स ऑन द अदर साइड," ती म्हणाली.

तिनं कॅसेट उलटी करून लावली. नुसती खरखर येत होती. गुडघ्यावर हनुवटी टेकून ती लक्ष देऊन ऐकू लागली. कोरी बाजू संपेपर्यंत ती तशीच बसून होती. मग उठून निघून गेली. आईची बाजू तिनं पुन्हा लावली नाही.