घरात बोलू नका

"तुम्ही घरी हिच्याशी बोलू नका."

बाई हे हसत हसत म्हणाल्या. भर पालकसभेत. घोटावड्यातल्या बालवर्गाची खोली आयांनी भरलेली. मी दाराजवळ, कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटून थेट आलेली, हातांना पीठ तसंच. मांडीवर माझी पाच वर्षांची सोनी. बाईंनी पुस्तकातलं चित्र समोर धरलं आणि काय दिसतंय म्हणून तिला विचारलं. पोरगी खुशीत उठली. बोट लावून म्हणाली, "आजी हाय. वढ्यात खेकडं धरतीया. हात घालू नगं म्हणावं, नांगी मारंल."

अख्खी खोली हसली.

चित्रातली बाई नदीवर धुणं धूत होती म्हणे. आमच्या डोंगरातल्या वाडीत पाण्यात अशी वाकलेली बाई म्हणजे खेकडे धरणारी. पोरीनं पाहिलं होतं तेच सांगितलं. पण ते कुणी विचारलं नाही. बाई म्हणाल्या, "घरी कानावर काय पडतं, त्यावर मुलांचं वाचन-लेखन ठरतं. तुम्ही घरी हिच्याशी बोलू नका. टीव्ही लावून द्या, त्यातली भाषा तरी शुद्ध असते. नाहीतर पहिलीत बसवता येणार नाही हिला."

मी हो म्हणाले. त्या होकाराची लाज मला अजून जाळते.

का म्हणाले? मी चौथीपर्यंत शिकले. वाडीवरून खाली शाळेत जायची तेव्हा गुरुजी माझं बोलणं वर्गाला करून दाखवायचे. पोरं खिदळायची. आधी मी बोलणं सोडलं, मग शाळा. दोष माझ्या जिभेतच आहे अशी माझी खात्री झाली होती. सोनीचं तसं होऊ नये, तिनं वाचावं, पहिलीत बसावं, एवढंच मला हवं होतं.

तर मी मूग गिळून बसले. स्वतःच्या घरात. कामावरून आले की टीव्ही. जेवायला हाताची खूण. वेणी घालताना गोष्ट नाही. "आये, ह्ये काय? आये, आसं का?" पोरगी विचारायची आणि मी ओठ दाबून टीव्हीकडे बोट करायची. जीव नुसता तळमळायचा. उठायची, बसायची, उगाच भांडी पुन्हा घासायची.

पंधरा दिवसांत तिनं विचारणं सोडलं. पूर्वी विटेच्या तुकड्यानं फरशीवर चित्रं काढून त्यांच्या गोष्टी सांगायची, तेही सोडलं. पुस्तक दिलं की पानं उलटून बाजूला ठेवायची. बाई खूश. "आता शांत बसते. फरक पडतोय."

एका रविवारी शेजारीण साखर मागायला आली. मी मागं मोरीत होते. तिनं सोनीला विचारलं, "तुजी आय कुटं हाय गं? हाक मार की."

सोनी म्हणाली, "आय बोलत न्हाई. मुकी झालीया."

रडून नाही. तक्रार म्हणून नाही. आज नळाला पाणी आलं नाही, असं सांगावं तसं.

माझं काळीज फाटलं. तशीच उठून आत गेले, टीव्ही बंद केला आणि बोलत सुटले. अळंबी कुठं उगवते. आजोबांचा कोयता डोहात कसा पडला. पोरगी टकामका बघत राहिली. शेवटी हळूच म्हणाली, "आये, त्या आजीला खेकडा चावला का?"

"तूच सांग."

ती सांगत गेली. मी कॅलेंडरच्या पाठीवर, चौथीतल्या वेड्यावाकड्या अक्षरात, ती बोलली तसंच लिहीत गेले. रोज. एका संध्याकाळी तिनं त्या ओळींवर बोट ठेवलं आणि अडखळत वाचलं. सगळं. शब्द तिचेच होते, पुढचा कुठला येणार हे तिला माहीत होतं. मी रडले. मग राग आला.

दुसऱ्या दिवशी कँटीनमधून सुट्टी काढून बालवर्गात गेले. शाळा सुटत होती, आया जमल्या होत्या. सोनीनं मी नेलेला कॅलेंडरचा कागद वाचला. कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "वाचते खरी. पण हे असलं लिहून देऊ नका. वाईट सवय लागते."

मी म्हणाले, "बाई, तुमी सांगितलं म्हणून मी गप बसले, तर माज्या लेकीला वाटलं आय मुकी हाय. पुस्तकातलं बोलणं तुमी शिकवा, त्ये तुमचं काम हाय. घरातलं मी बोलणार."

"मग पहिलीचं मला विचारू नका."

"न्हाई विचारत."

बाई बदलल्या नाहीत. सोनीला आता मागच्या रांगेत बसवतात. माझाही जीव ठिकाणावर नाही, कुठं चूक तर करत नाही ना, हा किडा डोक्यात वळवळतोच. पण पहिलीचा वर्ग काही बाईंच्या मालकीचा नाही. जूनमध्ये सरकारी शाळेत नाव घालायला मी जाणार. तिथंही कुणी मला गप्प राहायला सांगितलं, तर सगळ्यांसमोर विचारणार: माझी पोर शिकावी म्हणून मी का मुकं व्हायचं? उत्तर मिळेपर्यंत दारातून हलणार नाही.