ओल्या फडक्यातलं पळसाचं बी

रेवाताईचा फोन आला तेव्हा मी बराकपूरच्या गाडीत होतो, मांडीवर तिच्या बाबांचा, दातार सरांचा डबा. "गणपतकाका, बाबा गेले..." एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "बरं बरं, येतोच, उसळ गरम आहे." माणूस असं बोलतो का? मी बोललो. डब्याची ऊब मांडीला लागत होती आणि दुसरं काही सुचेना.

मी स्वयंपाकी. एका बँकेच्या साहेबांबरोबर कोलकात्याला आलो. त्यांची बदली झाली, ते गेले, मी इथल्या मराठी घरांत पोळ्या लाटत राहिलो. शाळेशी माझं जमलं नाही. मास्तर म्हणायचे, हा आला नाही की वर्ग पुढे जातो. आणि सर म्हणजे जन्मभर झाडांच्या बिया तपासलेला माणूस. आमची गट्टी जमली मटकीमुळे. इथे मटकीची मारामार, म्हणून मी गावाहून पिशवीभर आणून ठेवायचो. एकदा तिला मोडच येईनात. पाणी गढूळ, दाणे बुळबुळीत. मी आपला बंगालच्या पाण्याला शिव्या घालतोय.

"पाण्याला कशाला? मटकी म्हातारी झालीय," सर म्हणाले. "दाण्यात खाणं भरलेलं असतं, खिदिरपूर बंदरातल्या गोदामासारखं. ते फोडून कोंबापर्यंत पोचवणारे हमाल असतात, त्यांना एन्झाइम म्हणतात. बी जुनं झालं की हमाल थकतात. गोदाम भरलेलं आणि कोंब उपाशी. भिंतीही गळायला लागतात, म्हणून पाणी गढूळ."

"म्हणजे माझ्यासारखं. पोट भरलेलं, काम शून्य."

"तुझे हमाल कधी कामावर आलेच नव्हते, गणपत."

त्यांच्या फ्रिजमध्ये एका बाटलीत पळसाच्या मूठभर बिया होत्या. काकूंच्या माहेरचं झाड. आधी काकू गेल्या, मग रस्त्यासाठी झाड गेलं, उरलं एवढंच. पळसाचं बी फार टिकत नाही म्हणे, आणि हे कित्येक वर्षांचं. दर पावसाळ्यात सर बाटली काढायचे, उजेडात धरायचे, परत ठेवायचे. जिवंत आहे का ते कळायची काही युक्ती नाही का, मी विचारलं. आहे की, म्हणाले. बी कापायचं, औषधात बुडवायचं. हमाल जागे असतील तर आतलं लाल होतं. "मग कापा की एक!" सरांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. "लाल झालं तर कळेल, जिवंत होतं. पण कापलेलं उगवत नाही रे." पेरायचीही त्यांना भीती वाटायची.

शेवटी शेवटी जेवण अंगी लागेना. मी तूप जास्त वाढायचो, ते हसायचे, "हमाल थकले..."

तेराव्यानंतर रेवाताईने बाटली माझ्या हातात ठेवली. "काका, तुम्हीच लावा. आईबाबांचं काहीतरी राहू दे." मला! ज्याला मटकी जमत नाही त्याला! सर सांगायचे, जुन्या बीला एकदम पाण्यात बुडवू नये, ओल्या फडक्यात हळूहळू पिऊ द्यावं. तसंच केलं. बिया एकेक करून कुजत गेल्या. आता एकच उरलीय. फुगत नाही, कुजतही नाही. रेवाताई पुण्याला परत गेलीय, फोनवर विचारते, "काका, आहे का हो जिवंत?" मी म्हणतो, "विचार करतेय."

फडकं माझ्या ओट्यावरच असतं. सकाळी त्यावर पाणी शिंपडतो आणि कामाला लागतो. कापून बघितलं तर आत सडलंय का ते आत्ता कळेल. सुरी तर दिवसभर हातातच असते...

मी कांदा कापतो.