लॅपटॉप थंड होईस्तोवर

आमच्या साडभाऊंच्या घरात एकही वस्तू कारखान्यातून जशी निघाली तशी उरलेली नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आरमोरीच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण प्रयोगशाळा तेवढी घरी घेऊन आले. विकत आणलेली वस्तू म्हणजे त्यांच्या मते अर्धा शिजलेला भात. उरलेला आपण आपल्या चुलीवर शिजवायचा. स्कूटरला त्यांनी ट्रकचा हॉर्न बसवला. तो वाजला की पुढचा दिवा मंद होतो, त्यामुळे अंधारात समोरच्याला ही स्कूटर एक तर दिसते किंवा ऐकू येते, दोन्ही एकदम नाही. मिक्सरला मोठी मोटर लावली, तेव्हापासून त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतावर चटणीचे ठिपके आहेत. कूलरची मोटरही दुपटीच्या ताकदीची. बाहेर पंचेचाळीस अंश तापमान असताना मी त्यांच्या बैठकीत पांघरायला शाल मागितलेली आहे, आणि तो आवाज ओलांडून "चहा घ्या" हे दोन शब्द पोचवायला त्यांना गावसभेत बोलल्यासारखं ओरडावं लागलं होतं. मी काही म्हणालो तर उत्तर ठरलेलं: "कंपनी आपल्या हिशोबानं बनवते, साडभाऊ. आपल्याले आपल्या हिशोबानं पाहिजे." मीही त्यांचा साडभाऊच, त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांना एकाच नावानं हाक मारतो आणि घरात कोण कुणाला बोलावतंय ते बायकांना कळत नाही.

माझा स्वभाव याच्या नेमका उलटा. मी सावली या गावी राहतो, नोकरी हिशेब तपासण्याची, आणि आकडा जुळला नाही तर मला जेवण गोड लागत नाही. वस्तूसोबत आलेलं माहितीपत्रक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा माझ्या ओळखीत मी एकटाच. म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात साडभाऊंनी मला आरमोरीला बोलावून घेतलं. "लॅपटॉपचं कार्ड बदललं. आता थो तापून राह्यला. तुमी फक्त आकडा सांगत जा, उपाय मी करतो."

हा लॅपटॉप त्यांच्या लेकीचा. तिनं इंजिनियरिंगला असताना घेतलेला, विटेसारखा जाड आणि जड. कॅनडाला नोकरीसाठी जाताना ती तो बाबांजवळ ठेवून गेली. सुरुवातीला बापलेक व्हिडिओ कॉलवर बोलायचे. "जेवली का?" "हो. तुमी?" "हो." मग दोघंही एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहत बसायचे. शेवटी तिनंच त्यांना ट्रक चालवण्याचा एक खेळ शिकवला. इथली रविवारची सकाळ म्हणजे तिची शनिवारची रात्र. त्या वेळी दोघं आपापला ट्रक घेऊन पडद्यावरच्या कुठल्यातरी परक्या देशात माल पोचवायला निघतात, ती पुढे, हे मागे, कानाला हेडफोन. साडभाऊ वळताना खराच उजवा हात बाहेर काढतात, तो दर वेळी भिंतीवर आपटतो. प्रत्येक वस्तीजवळ ते ट्रक हळू करतात. "इथी बकऱ्या नसतात बाबा," लेक म्हणते. "नसतात म्हणूनच एकदम येतात," हे म्हणतात. बारावीच्या वर्षी ते तिला स्कूटरवर मागे बसवून रोज गडचिरोलीच्या शिकवणीला नेत. तो रस्ता संपला त्याला आता बरीच वर्षं झाली. पण रविवारी त्यांच्या बसण्यात मला तोच रस्ता दिसतो, फक्त आता ती पुढे आणि हे मागे.

खेळाची नवी आवृत्ती आली तेव्हा जुन्या कार्डाला ती झेपेना. लेकीचा ट्रक पडद्यावर निळ्या डागासारखा दिसायचा, तोही अडखळत. त्या जाड लॅपटॉपात ग्राफिक्सचं कार्ड वेगळं निघतं, एवढं कळल्यावर साडभाऊ थांबणार थोडेच? त्यांनी त्यात बसेल तेवढं मोठं कार्ड मागवून स्वतः बसवलं. चित्र झकास दिसू लागलं. मग अर्ध्या वाटेत लॅपटॉप तापून आपोआप बंद पडू लागला. लेक काहीतरी सांगत असायची, वाक्य अर्ध्यावर असायचं आणि पडदा काळा. साडभाऊंचा जीव त्या अर्ध्या वाक्यात अडकायचा.

मी गेलो त्या रविवारी त्यांनी लॅपटॉप थेट कूलरच्या तोंडाशी ठेवला होता. मेहुणीबाई दारात पदरानं वारा घेत उभ्या. "पाहा भाऊजी, त्या डबड्याले गार हवा देऊन राह्यले, अन् मी इथी घामानं भिजून राह्यली." कूलरच्या ओल्या हवेनं पडद्यावर पाण्याचे बारीक थेंब बसले. तो उपाय मीच बंद करायला लावला. मग साडभाऊंनी लॅपटॉप कूलरसारखा दोन विटांवर चढवला, समोरची खिडकी उघडली आणि मला सिद्धांत ऐकवला, "हवा आत गेली तं तिले बाहेर जायले जागा पाहिजे." मी पडद्याच्या कोपऱ्यातले तापमानाचे आकडे सांगत होतो. मुख्य भाग बासष्ट. कार्ड सत्त्याण्णव. पुन्हा पडदा काळा.

पण तो सिद्धांत माझ्या डोक्यात राहिला. पुढच्या वेळी आकडा चढताना मी कार्डाच्या बाजूच्या जाळीशी तळहात धरला. पंखा जोरात, पण बाहेर येणारी हवा जवळजवळ गार. आत सत्त्याण्णव अंश आणि बाहेर गार, हा हिशेब काही जुळेना. म्हणजे उष्णता कार्डातून निघतच नव्हती. "साडभाऊ, उघडा," मी म्हणालो. उघडल्यावर चूक समोर दिसली. कार्डावर तांब्याची पट्टी टेकते, तिनं उष्णता ओढून पंख्याकडे न्यायची. कार्डाच्या चिपवर उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाचा पातळ थर आणि बाजूच्या भागांवर मऊ चकत्या, एवढंच लागतं. साडभाऊंनी जाड तेवढं चांगलं म्हणून दुप्पट जाडीच्या चकत्या लावल्या होत्या, आणि लेप पानाला चुना फासावा तसा. त्या चकत्यांनी पट्टीच उचलून धरली होती, ती चिपला टेकतच नव्हती. साडभाऊंनी एक चकती चिमटीत धरून दाबून पाहिली. "जास्त झालं म्हणता?" त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं असेल. पातळ चकत्या मागवल्या, लेप पुसून मोहरीएवढा ठेवला, खेळातल्या चित्रांचा बारकावा थोडा कमी केला. आकडा चौऱ्याहत्तरवर चढला आणि तिथंच थांबला. मी माझ्यावर इतका खूश झालो की सावलीला परतताना कारमध्ये गाणं म्हणत होतो, असं बायको सांगते.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. साडभाऊ मिटलेल्या लॅपटॉपशेजारी खाली मान घालून बसले होते. "चालतो नं बरोबर?" मी विचारलं.

"चालते नं. एक डाव बंद नाई पडला."

"मग?"

त्यांनी चष्मा धोतराच्या टोकानं पुसला. "आता ट्रक पोचते साडभाऊ. पोचला का पोरगी म्हणते, ठेवते बाबा. आधी बंद पडे, तं ते फोन करे. थंड होईस्तोर करायचं काय? बोलत बसू. तिकडे घरात एकटं वाटते म्हणे, थे तव्हाच सांगितलं तिनं. चालवताना निसत्या रस्त्याच्याच गोष्टी, आता सांगायले टाइमच नाई."

मी हिशेबाचा माणूस. मी मनात पुन्हा एकदा आकडे जुळवून पाहिले.

परवाचा रविवार. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो. दोन्ही विटा भिंतीशी नीट लावून ठेवलेल्या होत्या आणि लॅपटॉप लेकीच्या जुन्या गोधडीच्या घडीवर होता, खालच्या सगळ्या जाळ्या मऊ कापडात बुडालेल्या. साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते ट्रक चालवत होते, वस्तीजवळ हळू करत होते. आकडा कोपऱ्यात चढत होता. ऐंशी. अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याण्णव. सांगायचं काम माझं होतं. मी आकडा वाचला आणि सांगितला नाही.

पडदा काळा झाला. लगेच फोन वाजला. कूलर बंद होता, त्यामुळे पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"काय झालं बाबा, परत तापला?"

"हो नं माय."

"मग होऊ द्या थंड. घाई नाई." पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "आईनं यंदा टेंभराची फळं आणली का जंगलातून?"