कुमुद रागानं चालायला लागली

परीक्षितनं करोल बागेतल्या घरातून बॅगा उचलल्या, तेव्हा कुमुद तापानं फणफणत होती. गुडगावात नव्यानं उठलेल्या इमारतीत त्यानं फ्लॅट घेतला होता, सोबतीला त्याच्या ऑफिसातली दुसरी बाई. दारात तो एवढंच म्हणाला, "कायम अंथरुणाला खिळलेल्या बाईबरोबर जन्म काढू का मी?"

ते साल पंच्याण्णव. साध्या सर्दीनंही कुमुद आठवडाभर आडवी व्हायची, हे खरंच होतं. म्हणून तर ते वाक्य जास्त झोंबलं. तिनं मनाशी खूणगाठ बांधली : हा माणूस आडवा पडलेला मी माझ्या पायांवर उभी राहून बघणार.

मुलीला, देविकाला घेऊन ती हिंदूराव हॉस्पिटलजवळ राहायला गेली आणि रोज सकाळी तिथल्या रिजच्या टेकडीवर चालू लागली. चढावर छाती भरून यायची. मग ती परीक्षितचा चेहरा डोळ्यांपुढे आणायची आणि पाय उचलायची. कँटीनचे समोसे सुटले; डब्यात मटकीची उसळ, पालेभाजी, बाजरीची भाकरी आली.

"मॅडम, इतनी मेहनत किसके लिए?" तिच्या सरकारी ऑफिसातल्या बायका विचारत.

"दुश्मन के लिए," ती शांतपणे सांगे.

दोन हजार नऊमध्ये स्वाइन फ्लूनं दिल्ली गाठली. कुमुदलाही तो झाला, पण चार-पाच दिवसांत ती उठून बसली. डॉक्टर म्हणाले, "हमी कशाचीच नसते. पण चालण्यानं, नीट खाण्यानं शरीराला बळ राहतं. त्याचा फायदा झाला असावा."

पुढच्याच महिन्यात देविका म्हणाली, "आई, बाबा आयसीयूत होते. तोच फ्लू. शुगर, वजन, सिगारेटी... आता वॉर्डात आणलंय."

कुमुदनं ठेवणीतली साडी नेसली.

परीक्षितच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. तिला बघून त्याचे डोळे भरले. "तू... बरी आहेस?"

"ठणठणीत," ती म्हणाली. "तुला हेच दाखवायला आले."

तो भिंतीकडे वळला. ती मुद्दाम आणखी थोडी उभी राहिली. दया येईल असं वाटलं होतं, आली नाही. बरं वाटलं, अगदी पोटातून.

परीक्षित वाचला. घरी आल्यावर त्यानं देविकाबरोबर निरोप पाठवला, "काय खायचं, किती चालायचं, आईला विचार ना."

"डॉक्टरांना विचार म्हणावं," कुमुद म्हणाली आणि बूट घालून बाहेर पडली. राग अजून शिल्लक होता.